जेम्स बुलो लान्सिंग

जेम्स बुलो लान्सिंग (जन्मनाव: जेम्स मार्टिनी, जन्म: १४ जानेवारी १९०२, मॅकूपिन काउंटी, इलिनॉय, मृत्यू: सप्टेंबर १९४९, सॅन मार्कोस, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन ध्वनिवर्धक-रचनाकार व उद्योजक होते. खर्ज आणि तार या दोन स्वरक्षेत्रांसाठी दोन वेगळे स्पीकर वापरणारा द्विमार्गी ध्वनिवर्धक चित्रपटगृहात, ध्वनिमुद्रण कक्षात आणि पुढे घरोघरी पोहोचला, त्यामागे त्यांच्या कारागिरीचा मोठा वाटा आहे. ‘आल्टेक लान्सिंग’ आणि ‘जेबीएल’ या ध्वनिक्षेत्रातील दोन्ही प्रसिद्ध नावांत त्यांचेच नाव आहे. त्यांच्या हयातीत मात्र या नावाने त्यांना स्थैर्य मिळवून दिले नाही. उलट स्वतःचेच नाव वापरण्यावरून त्यांना वादाला तोंड द्यावे लागले.

बालपण आणि नाव

हेन्री मार्टिनी आणि ग्रेस अर्ब्ज मार्टिनी या दांपत्याच्या चौदा अपत्यांपैकी जेम्स हे नववे. वडील कोळशाच्या खाणीत अभियंता असल्याने कुटुंबाला कामाच्या मागोमाग इलिनॉय राज्यात गावे बदलावी लागत. काही काळ जेम्स लिचफील्ड येथील बुलो नावाच्या कुटुंबाकडे राहिले. पुढे स्वतःसाठी नवे नाव निवडताना त्यांनी याच कुटुंबाचे आडनाव मधल्या जागी घेतले. शिक्षण स्प्रिंगफील्ड येथे माध्यमिक शाळेपर्यंत झाले. त्यानंतर एका छोट्या व्यापारी महाविद्यालयात त्यांनी काही विषय शिकून घेतले, इतकेच. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती.

विजेचे वेड मात्र लहानपणापासूनचे. दहाव्या वर्षी त्यांनी लेडन जार, म्हणजे विद्युतभार साठवणारी काचेची बरणी, घरीच तयार केली आणि सवंगड्यांना झटके देण्याची खोडी केली. बाराव्या वर्षी त्यांनी एक लहान रेडिओ प्रक्षेपक उभारला. त्याचे संदेश ग्रेट लेक्स येथील नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रापर्यंत पोहोचल्यामुळे नौदलाच्या लोकांनी येऊन तो मोडून टाकला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. तरुणपणी त्यांनी मोटार दुरुस्तीचे काम केले. इंजिनाच्या सूक्ष्म भागांत त्यांचा हात विशेष चाले. धातू किती तापवावा, किती घासावा, दोन भागांत केसाइतके अंतर कसे राखावे, ही जाण त्यांनी तिथे कमावली आणि पुढे आयुष्यभर वापरली.

१९२४ च्या नोव्हेंबरात आईचे निधन झाले आणि त्यांनी घर सोडले. ते युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे गेले व एका रेडिओ केंद्रात काम करू लागले. तेथेच त्यांची ग्लेना पीटरसन यांच्याशी ओळख होऊन विवाह झाला, आणि तेथेच केन डेकर हे भागीदार भेटले. डेकर यांना व्यवहार कळत असे, लान्सिंग यांना स्पीकर. दोघे लॉस एंजेलिसला आले आणि ९ मार्च १९२७ रोजी ‘लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ची नोंदणी झाली. त्याच सुमारास जेम्स मार्टिनी यांनी जेम्स बुलो लान्सिंग हे नाव कायदेशीरपणे धारण केले. पहिली काही वर्षे कंपनीने रेडिओच्या लाकडी पेट्यांत बसणारे सहा आणि आठ इंची स्पीकर विकले. माल चांगला होता, परंतु त्यात अपूर्व असे काही नव्हते.

एका स्पीकरने का भागत नाही

लान्सिंग यांचे पुढील कार्य समजण्यासाठी त्या काळातील मूळ अडचण पाहणे आवश्यक आहे. माणसाला ऐकू येणारे ध्वनी साधारण २० ते २०,००० हर्ट्झ या पट्ट्यात येतात. ५० हर्ट्झच्या खर्ज स्वराची तरंगलांबी जवळजवळ सात मीटर असते, तर १०,००० हर्ट्झच्या स्वराची साडेतीन सेंटिमीटरपेक्षाही कमी. खर्ज वाजवायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणून पडदा मोठा हवा. तार स्वर वाजवायचा तर पडद्याला सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलावी लागते, म्हणून तो लहान आणि हलका हवा. डग्गा आणि तबला एकाच आकाराचे का नसतात, याचे उत्तरही बरेचसे हेच आहे.

दुसरी अडचण ध्वनीच्या पसरण्याची. तरंगलांबी पडद्याच्या व्यासाहून लहान झाली की ध्वनी सर्वत्र न पसरता झोतासारखा समोर जातो. पंधरा इंची, म्हणजे ३८ सेंटिमीटर व्यासाचा शंकू साधारण ९०० हर्ट्झच्या पुढे असे वागू लागतो. समोर बसलेल्यास स्वर स्पष्ट, बाजूच्या खुर्चीवरच्यास मंद. घरात हे खपून जाते, पण हजार-दीड हजार प्रेक्षकांच्या सभागृहात नाही.

यावर उपाय म्हणजे काम वाटून देणे: खालचे स्वर मोठ्या स्पीकरकडे, वरचे लहान स्पीकरकडे. परंतु वाटणी करणारे कोणीतरी लागते. वर्धकातून आलेल्या विद्युतसंकेताचे दोन भाग करणाऱ्या मंडलाला क्रॉसओव्हर म्हणतात. तारेचे वेटोळे (प्रेरक) मंद संकेत सहज जाऊ देते व जलद संकेतांना अडवते. धारित्र नेमके उलट वागते. मोठ्या स्पीकरच्या वाटेवर वेटोळे आणि लहान स्पीकरच्या वाटेवर धारित्र ठेवले की वाटणी होते. कल्पना इतकी सोपी आहे. कठीण असते ते दोघांचा सांधा ऐकणाऱ्याला जाणवू न देणे, आणि द्विमार्गी ध्वनिवर्धकाची खरी परीक्षा आजही तिथेच होते.

शीअरर हॉर्न

लान्सिंग यांची कंपनी सुरू झाली त्याच वर्षी, १९२७ मध्ये, अमेरिकेत बोलपटांचे युग सुरू झाले. पडद्यामागे मोठे कर्णे बसवून चित्रपटगृहे बोलू लागली, पण त्या आवाजात खोल खर्ज नव्हता आणि वरचे स्वरही पुरते नव्हते. एप्रिल १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियातील वाद्यवृंदाचे वादन तारेने वॉशिंग्टनला नेऊन तेथील सभागृहात द्विमार्गी ध्वनिवर्धकांवर ऐकवले. हार्वे फ्लेचर यांच्या नेतृत्वाखालील या रचनेत खालचे व वरचे स्वर ३०० हर्ट्झवर विभागले होते. ऐकणाऱ्यांना प्रथमच प्रत्यक्ष वादनाचा भास झाला. मेट्रो-गोल्डविन-मेयर (एमजीएम) या चित्रसंस्थेच्या ध्वनिविभागाचे प्रमुख डग्लस शीअरर यांना प्रचलित कर्ण्यांबद्दल असमाधान होतेच. तयार माल देणाऱ्या मोठ्या कंपन्यांवर अवलंबून न राहता आपणच नवी रचना घडवावी, असे त्यांनी ठरवले.

या कामाची धुरा एमजीएममधील अभियंते जॉन हिलिअर्ड यांच्याकडे होती. प्रत्यक्ष स्पीकर घडवण्यासाठी लान्सिंग आणि त्यांच्याबरोबर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ जॉन ब्लॅकबर्न यांना बोलावण्यात आले. अनेक कप्प्यांच्या कर्ण्याचे काम रॉबर्ट स्टीफन्स यांनी पाहिले. लान्सिंग यांनी खर्जासाठी पंधरा इंची शंकूचा स्पीकर आणि वरच्या स्वरांसाठी ‘२८४’ हा संपीडन चालक तयार केला. संपीडन चालकात हलका धातूचा घुमट एका अरुंद पोकळीत हवा दाबतो आणि ती हवा कर्ण्याच्या गळ्यातून बाहेर पडते. घुमट व पोकळी यांतील अंतर अत्यंत कमी आणि सर्वत्र सारखे असावे लागते. जरा चूक झाली की वरचे स्वर एकमेकांना मारतात. मोटारीच्या इंजिनावर बसलेला लान्सिंग यांचा हात इथे कामी आला.

सांध्याचा प्रश्न किती नाजूक असतो, याचा धडा याच काळात मिळाला. फ्लेचर यांच्या पद्धतीच्या रचनेत खर्जाचा कर्णा वरच्या स्वरांच्या कर्ण्यापेक्षा बराच लांब होता. दोन्ही तोंडे शेजारी असली तरी खर्जाला आतून जास्त वाट चालावी लागे. एलिनॉर पॉवेल या नर्तिकेच्या टॅप नृत्याचा ध्वनिपट लावला असता पायाचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येऊ लागला, असे सांगितले जाते. हिशेब सोपा आहे. आठ फुटांचा फरक म्हणजे सुमारे सात सहस्रांश सेकंद. सलग संगीतात एवढा उशीर लपतो, पण टाचेच्या तीक्ष्ण ठोक्यात तो लपत नाही. म्हणून नव्या रचनेत खर्जाचा कर्णा दुमडून आखूड केला, दोन्ही मार्गांची लांबी जवळ आणली आणि सांधा ४०० हर्ट्झच्या आसपास ठेवला. आज घरी स्पीकर बांधणारा हौशी मनुष्य लहान स्पीकर दोन-तीन सेंटिमीटर मागे सरकवून पाहतो, तेव्हा तो याच प्रश्नाशी झगडत असतो.

‘शीअरर हॉर्न’ या नावाने ही रचना १९३६ पासून चित्रपटगृहांत बसू लागली. व्यवहार्य द्विमार्गी कर्णारचनेसाठी अमेरिकन चित्रपट अकादमीचा त्या वर्षीचा प्रथम श्रेणीचा तांत्रिक पुरस्कार डग्लस शीअरर व एमजीएमच्या ध्वनिविभागाला मिळाला. पुरस्कारपत्रात स्पीकर बनवणाऱ्याचे नाव नव्हते. असे पुरस्कार संस्थेला मिळतात, त्यामुळे त्यात वावगे काही नाही. परंतु या यशाने लान्सिंग यांचे नाव हॉलिवूडच्या तंत्रज्ञांत पोहोचले, सामान्य लोकांत नाही, हेही खरे.

आयकॉनिक

१९३७ मध्ये लान्सिंग यांनी तीच कल्पना लहान आकारात आणली. ‘आयकॉनिक’ नावाच्या या ध्वनिवर्धकात पंधरा इंची खर्ज स्पीकर एका पेटीत होता आणि वर छोट्या कप्प्यांच्या कर्ण्याला जोडलेला चालक. सांधा ८०० हर्ट्झवर. ध्वनिमुद्रण कक्षात बसून जे ऐकू येते तेच चित्रपटगृहात ऐकू यावे, ही तंत्रज्ञांची गरज त्याने भागवली. घरी ठेवता येईल अशा आकाराचा द्विमार्गी ध्वनिवर्धक म्हणून ‘आयकॉनिक’चे महत्त्व शीअरर हॉर्नपेक्षाही अधिक मानावे लागेल. आजच्या पुस्तकांच्या कपाटात बसणाऱ्या दोन स्पीकरांच्या पेटीची वंशावळ शोधत मागे गेल्यास जे मोजके पूर्वज सापडतात, त्यांत तो एक आहे.

भागीदाराचा मृत्यू आणि आल्टेक

१९३९ मध्ये केन डेकर विमान अपघातात मरण पावले. हा केवळ मित्रवियोग नव्हता. कंपनीचे हिशेब, येणी-देणी, ग्राहकांशी बोलणी हे सारे डेकर पाहत असत. लान्सिंग यांना या कामाची ना आवड होती ना जाण. दोन वर्षांत कंपनी अडचणीत आली. त्याच वेळी चित्रपटगृहांतील ध्वनियंत्रणेची देखभाल करणाऱ्या आल्टेक सर्व्हिस कॉर्पोरेशनला सुट्या भागांसाठी स्वतःचा कारखाना हवा होता. १९४१ च्या डिसेंबरात तिने लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी ५०,००० डॉलरना विकत घेतली. नवी कंपनी ‘आल्टेक लान्सिंग’ झाली आणि लान्सिंग तिचे अभियांत्रिकी उपाध्यक्ष. करार पाच वर्षांचा.

तंत्रज्ञान म्हणून पाहिले तर ही पाच वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी ठरली. हिशेबाची चिंता दुसऱ्याकडे होती आणि हाताखाली यंत्रसामग्री होती. या काळातील दोन सुधारणा विशेष सांगण्यासारख्या आहेत. पहिली, चालकाचा धातूचा घुमट ठोकून न बनवता द्रवाच्या दाबाने साच्यात घडवण्याची पद्धत. त्यामुळे एकासारखा दुसरा भाग निघू लागला. दुसरी, व्हॉइस कॉइल गोल तारेऐवजी चपट्या फितीची, कडेवर उभी गुंडाळण्याची पद्धत मोठ्या उत्पादनात आणणे. गोल तारा शेजारी शेजारी ठेवल्या तर मधे फटी राहतात आणि चौकोनी जागेपैकी सुमारे ७८ टक्केच जागा धातूने भरते. चपटी फीत जवळजवळ सगळी जागा व्यापते. चुंबकाच्या अरुंद फटीत जितका अधिक धातू, तितका त्याच विजेतून अधिक आवाज. ज्या काळात वर्धकांची शक्ती दहा-वीस वॅटच असे, त्या काळात हा फरक फार मोठा होता.

एकाच अक्षावर खर्ज स्पीकर आणि त्याच्या मध्यातून निघणारा लहान कर्णा असलेला ‘६०४ ड्यूप्लेक्स’ आणि १९४५ मधील ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ ही ध्वनिवर्धकमालिका, या दोन्हींत लान्सिंग आणि हिलिअर्ड यांचे काम एकत्र आले आहे. हिलिअर्ड तोपर्यंत आल्टेकमध्ये आले होते. विद्युतचुंबकाला वेगळी वीज पुरवावी लागे, तो त्रास युद्धकाळात उपलब्ध झालेल्या अल्निको या मिश्रधातूच्या कायमच्या चुंबकांनी संपवला. ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’मध्ये सांधा ५०० हर्ट्झवर होता. ‘६०४’ तर पुढे कित्येक दशके अमेरिकन ध्वनिमुद्रण कक्षांत ऐकण्याची कसोटी बनून राहिला.

पुन्हा स्वतःची कंपनी

१९४६ मध्ये करार संपताच लान्सिंग बाहेर पडले. नोकरी सुखाची होती, पण मनाजोगे स्पीकर स्वतःच्या कारखान्यात बनवावेत ही ओढ सुटली नव्हती. १ ऑक्टोबर १९४६ रोजी त्यांनी ‘लान्सिंग साउंड, इन्कॉर्पोरेटेड’ ही कंपनी काढली. आल्टेकने लगेच हरकत घेतली: लान्सिंग हे नाव आता आल्टेकच्या मालकीच्या व्यापारचिन्हाचा भाग होते. अखेर ‘जेम्स बी. लान्सिंग साउंड, इन्कॉर्पोरेटेड’ असे पूर्ण नाव वापरण्यावर तडजोड झाली. पहिल्या ‘डी-१०१’ स्पीकरसाठी त्यांनी आयकॉनिक हा शब्द वापरला, त्यालाही आल्टेकने विरोध केला. वीस वर्षांपूर्वी स्वतःहून निवडलेले नाव आणि स्वतःच्याच निर्मितीला दिलेले नाव, दोन्ही विकून झाली होती.

‘डी-१०१’ नंतर आलेला ‘डी-१३०’ हा लान्सिंग यांच्या एकट्याच्या कारकिर्दीचा कळस मानला जातो. पंधरा इंची शंकूच्या या स्पीकरला चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर व्यासाची चपट्या फितीची व्हॉइस कॉइल होती. शंकूच्या स्पीकरात एवढी मोठी कॉइल तेव्हा कोणी वापरत नसे. मध्यभागी ॲल्युमिनियमचा घुमट असल्याने वरचे स्वरही पुष्कळ येत आणि थोड्या विजेवर आवाज मोठा होई. अनेकांनी तो एकटाच, लहान स्पीकरशिवाय वापरला. त्याचा खोल खर्ज फारसा दांडगा नव्हता. त्यासाठी पेटी मोठी लागे. पण स्वरांतील तडफ अशी होती की पुढे लिओ फेंडर यांच्या गिटार वर्धकांसाठी याच स्पीकरचा खास प्रकार काढावा लागला.

घरगुती बांधणी आणि क्रॉसओव्हरचे गणित

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरीच ध्वनियंत्रणा जुळवण्याचा छंद वाढला. लोक स्पीकर सुटे विकत घेत आणि पेटी स्वतः किंवा सुताराकडून बनवून घेत. लान्सिंग यांच्या छोट्या कंपनीला हा ग्राहक सोयीचा होता. तिने वरच्या स्वरांसाठी ‘डी-१७५’ हा पावणेदोन इंची घुमटाचा चालकही काढला. पंधरा इंची खर्ज स्पीकर, १७५ चा चालक आणि १२०० हर्ट्झचा क्रॉसओव्हर ही जोडणी पुढे हौशी बांधणाऱ्यांची आवडती झाली.

हा सांधा विद्यार्थ्यांसाठी उत्तम उदाहरण आहे. सांध्यापुढे प्रत्येक सप्तकाला संकेत १२ डेसिबलने उतरावा असे मंडल हवे असल्यास प्रत्येक मार्गावर एक वेटोळे आणि एक धारित्र लागते. वेटोळ्याचे मूल्य काढण्यासाठी स्पीकरच्या ओहममधील रोधाला १.४१४ ने गुणून ६.२८ आणि वारंवारता यांच्या गुणाकाराने भागावे. धारित्रासाठी १ ला ८.८९, वारंवारता आणि रोध या तिघांच्या गुणाकाराने भागावे. त्या काळी १६ ओहमचे स्पीकर प्रचलित होते. १२०० हर्ट्झवर वेटोळे ३ मिलिहेन्रीचे आणि धारित्र सुमारे ५.९ मायक्रोफॅरॅडचे येते. आजच्या ८ ओहमच्या स्पीकरसाठी वेटोळे निम्मे, म्हणजे दीड मिलिहेन्री, आणि धारित्र दुप्पट, म्हणजे ११.७ मायक्रोफॅरॅड घ्यावे लागेल. खर्जाच्या मार्गावर वेटोळे ओळीत आणि धारित्र स्पीकरला समांतर. वरच्या मार्गावर याच्या उलट.

कागदावरचे हे गणित म्हणजे सुरुवात. स्पीकरचा रोध सर्व वारंवारतांना सारखा नसतो. कॉइलमुळे वर जाताना तो वाढतो आणि अनुनादापाशी उसळी घेतो. म्हणून मोजून आणि ऐकून मूल्ये बदलावी लागतात. या प्रकारच्या मंडलात सांध्यावर दोन स्पीकर नेमके विरुद्ध दिशेने हलतात आणि तिथे आवाजात खड्डा पडतो. एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या की खड्डा भरतो, पण त्याजागी ३ डेसिबलचा लहान उंचवटा येतो. त्यावरचा प्रसिद्ध उपाय, लिंक्विट्झ-रायली मंडल, १९७६ मध्ये आला. कर्ण्याचा चालक शंकूपेक्षा कितीतरी मोठ्याने बोलतो, त्यामुळे त्याच्या मार्गात आवाज उतरवणारे रोधही घालावे लागतात. वेटोळ्याची तार जाड असावी, नाहीतर खर्जाची वीज तारेतच उष्णता होऊन संपते. धारित्र उलटसुलट विजेला चालणारे हवे.

पेटीचे माप काढण्याचे शास्त्र तर त्या वेळी तयारच नव्हते. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थिएल यांचा पायाभूत लेख १९६१ चा. लान्सिंग यांच्या पिढीने पेट्या ठरवल्या त्या अनुभवाने आणि कानाने. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या काळच्या उत्तम रचनांचे मोल अधिक कळते, आणि काही पेट्या नुसत्या घुमणाऱ्या का निघाल्या हेही.

अखेर

स्पीकर उत्तम आणि व्यवहार डळमळीत, ही जुनी स्थिती नव्या कंपनीतही कायम राहिली. आता डेकर नव्हते. मार्क्वार्ट ही विमान-इंजिन बनवणारी कंपनी मदतीला आली. तिने भांडवल आणि जागा दिली आणि तिचे खजिनदार विल्यम थॉमस लान्सिंग यांच्या कंपनीचा आर्थिक कारभार पाहू लागले. १९४९ मध्ये जनरल टायर या कंपनीने मार्क्वार्ट विकत घेतली. नव्या मालकांना स्पीकरच्या धंद्यात रस नव्हता. कंपनी पुन्हा लान्सिंग यांच्याकडे आली, पण सुमारे वीस हजार डॉलरच्या कर्जासह. आधीच थकलेली देणी, नव्या जागेचा खर्च आणि माल पुरवणाऱ्यांचे तगादे यांत ते एकटे पडले.

सप्टेंबर १९४९ मध्ये सॅन मार्कोस येथील आपल्या मळ्यातील घरी जेम्स लान्सिंग यांनी आत्महत्या केली. ते ४७ वर्षांचे होते. त्यांच्या दहा हजार डॉलरच्या विम्याची रक्कम कंपनीच्या हाती आली आणि तिच्यामुळे कंपनी बुडता बुडता वाचली. ज्या रकमेच्या दुप्पट कर्जाने ते खचले, तेवढ्या पैशांचे स्पीकर त्यांचा कारखाना पुढे किती थोड्या दिवसांत विकू लागला, हे कंपनीचा इतिहास वाचताना जाणवल्याशिवाय राहत नाही.

पश्चात

विल्यम थॉमस यांनी कंपनी हाती घेतली आणि ग्लेना लान्सिंग यांच्याकडील एक तृतीयांश वाटा पुढे विकत घेऊन ते एकमेव मालक झाले. त्यांना डेकर यांच्यासारखा व्यवहार कळत होता. त्यांच्या काळात, १९५४ मध्ये, ‘हार्ट्सफील्ड’ हा कोपऱ्यात ठेवायचा कर्ण्याचा ध्वनिवर्धक आणि १९५७ मध्ये ‘पॅरागॉन’ बाजारात आला. दोन्हींत लान्सिंग यांच्या चपट्या फितीच्या मोठ्या कॉइलचे तंत्र पुढे नेलेले दिसते. जाहिरातींत ‘जिम लान्सिंग’ असे लिहिण्यावरून आल्टेकशी पुन्हा वाद झाला आणि १९५५ च्या सुमारास नावाची आद्याक्षरे तेवढी उरली: जेबीएल.

थॉमस यांनी १९६९ मध्ये कंपनी सिडनी हार्मन यांच्या उद्योगसमूहाला विकली. २०१७ पासून हार्मन समूह सॅमसंग या कोरियन कंपनीच्या मालकीचा आहे. आज नारिंगी पाटीवरील ही तीन अक्षरे मुंबई-पुण्यातील चित्रपटगृहांत, मंडपांतील स्पीकरच्या भिंतींवर आणि महाविद्यालयीन मुलांच्या हातातील लहानशा स्पीकरवर दिसतात. त्यांतील मधले अक्षर लिचफील्डमधील त्या बुलो कुटुंबाचे आहे. जुने ‘डी-१३०’ अजूनही संग्राहकांकडे चालू स्थितीत आहेत, आणि त्यांच्यासाठी नव्या पेट्या व नवे क्रॉसओव्हर बांधणारे हौशी लोक जपान, अमेरिका आणि युरोपात आढळतात.